सायनसमध्ये ऑस्टिओमा निघालाय, काढायचा की राहू द्यायचा?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आधी मला समजला तसा परत लिहितो, म्हणजे काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. तुमचे मिस्टर ४१ वर्षांचे. तीन-चार वर्षांपासून डोकं दुखतं, कपाळात आणि उजव्या डोळ्याच्या वर, महिन्यातून दोन-तीनदा. सायनस असेल म्हणून सीटी काढला आणि त्यात उजव्या फ्रंटल सायनसमध्ये (कपाळाच्या हाडातली हवेची पोकळी) १३ बाय १० मिलिमीटरचा ऑस्टिओमा निघाला. एक डॉक्टर म्हणाले हाडाची गाठ आहे, मेंदूच्या जवळ आहे, लवकर काढून टाका. दुसऱ्यांनी फिल्म उजेडासमोर धरली, अर्ध्या मिनिटात परत दिली आणि म्हणाले काही नाही, विसरून जा. घरातलं कोणीतरी म्हणतंय की गोळ्यांनी हाड विरघळतं. आणि तुम्हाला रात्री झोप येत नाहीये कारण हा कॅन्सर तर नाही ना.

मी कान-नाक-घशाचा सर्जन आहे, वीस वर्षांच्या वर हेच काम करतोय. इथून पेशंट बघता येत नाही त्यामुळे "करा" किंवा "करू नका" असं मी सांगणार नाही, पण असा पेशंट माझ्यासमोर बसला तर मी कसा विचार करतो ते सांगतो.

शेवटचं आधी. कॅन्सर नाही. ऑस्टिओमा म्हणजे पक्क्या हाडाचीच गाठ, तिचा पुढे कॅन्सर होत नाही, ती अंगात दुसरीकडे पसरतही नाही. रिपोर्टमध्ये ट्यूमर शब्द असतो आणि आपल्याकडे ट्यूमर म्हटलं की घरात चूल पेटत नाही, पण ट्यूमर म्हणजे नुसती गाठ, ती साधी पण असते आणि वाईट पण. ही साधी. दुर्मिळ पण नाही, सायनसमधल्या साध्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी हीच. १९९३ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात १५०० लोकांच्या सायनसच्या सीटीत ४६ जणांना ऑस्टिओमा दिसला होता, म्हणजे शंभरात तीन. २०२१ मध्ये म्युकरची (काळ्या बुरशीची) भीती होती तेव्हा गाल दुखला तरी लोक सीटी काढून धावत यायचे, त्यात म्युकर शोधता शोधता मला असे ऑस्टिओमा दिसायचे, आणि मी सांगायचो की एक छोटी हाडाची गाठ आहे पण म्युकर नाही, तर माणूस हात जोडून हसत घरी जायचा, गाठीबद्दल एक प्रश्न विचारायचा नाही. गाठ तीच, घाबरायचं कशाला ते तेवढं बदललेलं.

आता एक घोळ सोडवू. आपल्याकडे "नाकाचं हाड वाढलंय" हे तीन वेगवेगळ्या गोष्टींना म्हणतात. नाकाचा मधला पडदा वाकडा असला तरी हाड वाढलं, आतले टर्बिनेट (बाजूच्या भिंतींवरचे उंचवटे) सुजले तरी हाड वाढलं, पॉलिप झाला तर काही जण मांस वाढलं म्हणतात आणि काही जण त्यालाही हाडच म्हणतात. खरं म्हणजे यातल्या एकातही हाडाची गाठ नसते. ऑस्टिओमामध्ये मात्र खरंच हाड वाढतं, आणि नेमकं तेच लोकांना माहीत नसतं. त्यामुळे शेजारच्या काकांचं "नाकाचं हाड" काढलं आणि ते तिसऱ्या दिवशी कामावर गेले, ही गोष्ट तुमच्या कामाची नाही. काकांचा पडदा सरळ केला असणार.

नाकाच्या मुख्य पोकळीत ऑस्टिओमा सुरू होणं तसं क्वचितच. तो बहुतेक वेळा बाजूच्या सायनसमध्ये उगवतो आणि मोठा झाला की नाकात उतरतो. सगळ्यात जास्त कपाळातल्या फ्रंटलमध्ये, मग दोन डोळ्यांच्या मधल्या एथमॉइडमध्ये, गालातल्या मॅक्सिलरीत कमी, आणि मागच्या स्फेनॉइडमध्ये अगदीच कमी. का होतो? कोणी म्हणतं लहानपणी दोन वेगळ्या प्रकारची हाडं जिथे जुळतात तिथे काही पेशी राहून जातात, कोणी म्हणतं मार लागल्याने, कोणी म्हणतं जुन्या इन्फेक्शनने. तिन्हींना थोडा थोडा आधार आहे, पक्कं एकही नाही. तुमच्या मिस्टरांनी काही खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने हे झालेलं नाही.

आता खरा प्रश्न. तुम्ही विचारलंय "ऑस्टिओमा काढू का". मला वाटतं विचारायला हवं ते असं की "डोकं या ऑस्टिओमामुळेच दुखतंय का". कारण सीटी डोकं दुखतं म्हणून काढला, त्यात एक गाठ दिसली, आणि घरातल्या सगळ्यांनी (एका डॉक्टरांनी सुद्धा) दोन्हींचा संबंध जोडून टाकला. तोही असू शकतो खरा. पण शंभरातल्या तीन जणांच्या सायनसमध्ये हे असतं आणि डोकं तर कधी ना कधी सगळ्यांचंच दुखतं, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच माणसात नुसत्या योगायोगाने एकत्र असणं काही अवघड नाही.

तुम्ही लिहिताना एक वाक्य सहज टाकून गेलात, की "त्यांना पित्ताचा पण त्रास आहे, डोकं दुखायला लागलं की अंधारात झोपतात, उलटी झाली की बरं वाटतं". मी तिथेच थांबलो. आपल्या महाराष्ट्रात मायग्रेनला अर्धं गाव पित्त म्हणतं आणि उरलेलं अर्धं सायनस म्हणतं. उपास केला, उन्हात फिरलं, जागरण झालं, जेवायला उशीर झाला की कपाळ आणि एका डोळ्याच्या वर ठणका, उजेड नको, मोठा आवाज नको, मळमळ, आणि उलटी होऊन गेली की डोकं उतरतं. ही आपली जुनी अर्धशिशी. गंमत अशी की मायग्रेनमध्ये नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं, त्यामुळे माणसाला खात्रीच पटते की सायनस आहे. २००४ मध्ये अमेरिकेत जवळजवळ ३००० लोकांवर एक अभ्यास झाला होता, "मला सायनसची डोकेदुखी आहे" असं स्वतः सांगणारे किंवा डॉक्टरांनी तसं सांगितलेले लोक, आधी कोणी मायग्रेन म्हटलं नव्हतं असे. नीट तपासल्यावर त्यातल्या ८८ टक्के लोकांची डोकेदुखी मायग्रेनच्या वर्णनात बसली.

मग ऑस्टिओमाची डोकेदुखी कशी असते? साधारण एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल अशी, बोथट, रोज किंवा जवळजवळ रोज, आणि महिन्यामहिन्याला हळूहळू वाढत जाणारी. वाट बंद झाली असेल तर सर्दी झाली की जास्त, आणि विमान खाली उतरताना कपाळात सुरी खुपसल्यासारखं. महिन्यात दोनदा येऊन मधले पंचवीस दिवस पूर्ण ठीक असलेला माणूस या चित्रात नीट बसत नाही. हाड काय पंचवीस दिवस सुट्टीवर जातं का. पण हे अगदी काळं-पांढरं नसतं, दोन्ही एकत्र असलेले पेशंट मी पाहिलेत, म्हणूनच आधी न्यूरोलॉजिस्टला दाखवा असं मी म्हणतो. दोन-तीन महिने मायग्रेनचा नीट उपचार करून बघितला तर बरंच काही स्पष्ट होतं, आणि ऑस्टिओमा तेवढ्यात कुठे पळून जात नाही.

हे मी ठामपणे सांगतोय कारण एकदा फसलोय. प्रॅक्टिसच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. तिशीतली बाई, शाळेत शिक्षिका, एथमॉइडमध्ये सेंटिमीटरभर ऑस्टिओमा आणि डोकेदुखी. दुर्बिणीने काढला, एका तुकड्यात निघाला, रक्त नाही, काही नाही, मी तो बाटलीत घालून तिच्या नवऱ्याला दाखवला, मोठा खूष होतो. पहिले दोन महिने डोकं दुखलं नाही. तिसऱ्या महिन्यात पुन्हा तेच. सीटी परत केला तर चकचकीत साफ. शेवटी न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं, त्यांनी पंधरा मिनिटं नुसते प्रश्न विचारले, रोजची एक गोळी लावून दिली आणि बाईंचं डोकं थांबलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. पण ते पंधरा मिनिटांचे प्रश्न मी ऑपरेशनच्या आधी विचारायला हवे होते, हे मला अजून टोचतं. (पहिले दोन महिने बरं का वाटलं? ऑपरेशन झालं या भरवशावर मायग्रेन काही दिवस शांत बसतो, हे पुढे अनेकदा बघितलं.)

समजा डोकेदुखीचं वेगळं निघालं. मग गाठीचं काय? इथे लोक साइझ विचारतात, मी जागा विचारतो. फ्रंटल सायनस म्हणजे गच्चीवरची टाकी समजा. आतल्या अस्तरातून सारखा पातळ शेंबूड तयार होतो आणि अस्तरावरचे बारीक केस तो ढकलत ढकलत खालच्या एका अरुंद वाटेने नाकात सोडतात, त्या वाटेला फ्रंटल रिसेस म्हणतात. टाकीच्या वरच्या कोपऱ्यात वीटभर दगड पडला तरी पाणी जातंच. पण नळाच्या तोंडावर सुपारीएवढा खडा बसला तर टाकी तुंबली. म्हणून वरच्या कोपऱ्यातला दोन सेंटिमीटरचा ऑस्टिओमा मी वर्षानुवर्षं नुसता बघत बसतो आणि रिसेसमधला आठ मिलिमीटरचा कधीकधी काढतो.

तुंबलं की काय होतं ते एका पेशंटचं सांगतो. पन्नाशीचे शेतकरी, उजवा डोळा थोडा खाली आणि बाहेर सरकलेला, वर्षभर चष्म्याचे नंबर बदलत होते कारण दोन-दोन दिसायचं. मुलाच्या लग्नाच्या फोटोत सुनेला पहिल्यांदा लक्षात आलं की मामंजींचे दोन डोळे एका रेषेत नाहीत. सीटीत रिसेसमध्ये ऑस्टिओमा आणि त्याच्या मागे शेंबडाने भरलेला फुगा, त्याला म्युकोसील म्हणतात. हा फुगा हळूहळू दाबत दाबत डोळ्याच्या खोबणीचं पातळ हाड झिजवून बाहेर आला होता. तिथे वाट बघायचा प्रश्नच नव्हता. डोळा चार-सहा आठवड्यांत जागेवर आला.

तर मी ऑपरेशन कधी सुचवतो: वाट बंद होऊन सायनस भरत असेल किंवा म्युकोसील झालं असेल, डोळ्याकडे किंवा मेंदूच्या बाजूला हाड ओलांडून गेला असेल, एका सीटीपासून दुसऱ्या सीटीपर्यंत वाढलेला नक्की दिसत असेल, स्फेनॉइडमध्ये डोळ्याच्या नसेजवळ असेल, किंवा कपाळावर फुगवटा दिसायला लागला असेल. फ्रंटल सायनसचा निम्म्याहून जास्त भाग भरला असेल तर काढावा असं बरेच सर्जन मानतात, मी पण साधारण मानतो, पण सत्तरीतल्या, काहीच त्रास नसलेल्या माणसाला नुसत्या या कारणासाठी टेबलावर घेत नाही. यात डॉक्टरांमध्ये मतभेद असतात आणि ते प्रामाणिक असतात, तुमच्या दोन डॉक्टरांपैकी एक लबाड असलाच पाहिजे असं नाही.

"मेंदूच्या जवळ आहे" हे वाक्य खरं आहे आणि निरुपयोगी पण आहे. फ्रंटल सायनसची मागची भिंत म्हणजेच मेंदूच्या पुढची भिंत, त्यामुळे तिथलं सगळंच मेंदूच्या जवळ असतं, आपल्या सर्दीसकट. विचारायचं ते हे की गाठ त्या भिंतीला चिकटलीय का, आणि भिंत शाबूत आहे का. फार क्वचित असा ऑस्टिओमा भिंत झिजवतो आणि मग मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळतं, किंवा नाकातली हवा आत शिरते, किंवा मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचं इन्फेक्शन) होतो. म्हणून हे पाठ करून ठेवा: एकाच नाकपुडीतून वाकल्यावर टपटप स्वच्छ पाणी, खारट चव, एक डोळा पुढे येणं, दोन-दोन दिसणं, कपाळावर सूज, तापासोबत मान आखडणं, फिट येणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तुम्ही जे लिहिलंय त्यात यातलं एकही नाही.

वाढतो किती? फिनलंडमधल्या एका अभ्यासात जुने आणि नवे फोटो शेजारी ठेवून मोजलं होतं, वर्षाला ०.४४ पासून ६ मिलिमीटरपर्यंत, सरासरी १.६१. म्हणजे कोणाचा दहा वर्षांत जेमतेम साडेचार मिलिमीटर, आणि एखाद्याचा भराभर. पहिल्या सीटीवरून तुमचा कुठला ते कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी दुसरा सीटी लागतो. मी साधारण वर्षाने सांगतो, मग ठीक असेल तर दोन वर्षांनी, मग अंतर वाढवत जातो, आणि कमी डोसचा, फक्त सायनसपुरता, कारण डोळ्याच्या भिंगावर उगाच रेडिएशन नको. दर तीन महिन्यांनी सीटी सांगत असेल कोणी तर का ते विचारा. माझ्याकडे एक बाई नऊ वर्षं येतायत, सगळे मिळून दोन मिलिमीटर वाढलाय, त्या येताना दरवेळी घरची चटणी आणतात आणि माझं काम त्या मानाने फारच थोडं असतं.

एमआरआय काढू का असं पण बरेच जण विचारतात, जास्त महाग म्हणजे जास्त चांगला असं वाटतं. इथे उलटं आहे. पक्कं हाड एमआरआयमध्ये काळं दिसतं आणि सायनसमधली हवा पण काळी, त्यामुळे ऑस्टिओमा चक्क लपून जाऊ शकतो. हाडासाठी सीटीच, पातळ कापांचा, तिन्ही बाजूंनी. एमआरआय लागतो तो गाठ मेंदूकडे किंवा डोळ्याकडे गेली असेल किंवा मागे काय तुंबलंय ते बघायचं असेल तरच.

ही गाठ ऑस्टिओमाच आहे कशावरून, तुकडा काढून तपासायचा का? सीटीत त्याचं रूप इतकं ठरलेलं असतं की सहसा बायोप्सी लागत नाही: पांढराशुभ्र, कडा रेखीव, आजूबाजूचं काही खाल्लेलं नाही. पण त्याच्या जवळपासची दोन भावंडं माहीत असलेली बरी. एक फायब्रस डिस्प्लेजिया, सीटीत दुधी काचेसारखी दिसते, कडा नीट कळत नाहीत, तरुणपणी वाढते आणि बहुतेकदा वयात आल्यावर थांबते, तिला शक्यतो हात लावत नाहीत आणि रेडिएशन तर अजिबात देत नाहीत कारण त्याने ती बिघडू शकते. दुसरी ऑसिफाइंग फायब्रोमा, ती दिसते गोंडस पण वाढते जोरात, विशेषतः मुलांमध्ये, आणि ती मात्र पूर्ण काढावी लागते, थोडी ठेवली की परत येते. आणि एक भलताच तोतया: नाकातला खडा. लहानपणी नाकात घातलेला मणी किंवा चिंचोका विसरला जातो, त्यावर वर्षानुवर्षं चुन्याचे थर बसतात, आणि चाळिसाव्या वर्षी सीटीत "नाकात हाडाची गाठ" म्हणून येतो. तो दुर्बिणीने बघितला की लगेच कळतो, आणि एका नाकपुडीला घाण वास येत असतो हे बायकोला आधीपासून माहीत असतं.

एक गोष्ट मात्र मी कधी सोडत नाही. ऑस्टिओमा एकच आहे का अनेक? जबड्याच्या कोपऱ्यावर, कपाळावर बोट फिरवून बघा, कडक टेंगळं लागतात का. अनेक असतील, जास्तीचे दात असतील, कातडीखाली गाठी असतील, किंवा घराण्यात कोणाला कमी वयात आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर गार्डनर सिंड्रोमचा विचार करावा लागतो. हा आनुवंशिक आहे, आई किंवा वडिलांकडून निम्म्या मुलांकडे जाऊ शकतो, आणि यात मोठ्या आतड्यात शेकड्यांनी पॉलिप होतात, त्यांचा उपचार केला नाही तर कॅन्सर जवळजवळ ठरलेला. तिथे नाकातलं हाड बिनमहत्त्वाचं होतं, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) महत्त्वाची. एकटादुकटा ऑस्टिओमा असलेल्या बहुतेकांना हे नसतं, त्यामुळे घाबरू नका, पण सासूबाईंना घराण्यातलं विचारून ठेवा, फुकटची तपासणी आहे.

आता समजा ऑपरेशन करायचंच ठरलं. बहुतेक वेळा दुर्बिणीने नाकातूनच होतं, पूर्ण भूल देऊन, बाहेर टाका नाही. लोकांना वाटतं चिमट्याने पकडून ओढायचं. तसं होत नाही, कारण वाट असते सात-आठ मिलिमीटरची आणि गाठ तिच्यापेक्षा मोठी, शिवाय पक्क्या प्रकारच्या ऑस्टिओमाला हस्तिदंती म्हणतात ते उगाच नाही, साधं ड्रिल त्यावर घसरतं. आधी वाट रुंद करायची. मग हिऱ्याच्या बारीक टोकाचं, वाकडं ड्रिल आत घालून गाठ मधोमध पोखरायची, नारळ खवतो तशी, कडेला फक्त करवंटी उरेपर्यंत. सतत पाणी सोडत राहायचं, नाहीतर हाड तापतं आणि पलीकडच्या नसेला चटका बसतो. पडद्यावर हाडाची भुकटी पाण्यात कालवलेल्या तांदळाच्या पिठीसारखी दिसते, दर दोन मिनिटांनी सगळं पांढरं होऊन जातं आणि दुर्बीण बाहेर काढून धुवावी लागते. मग ती करवंटी आतल्या पोकळीत मोडायची आणि कडेच्या अस्तरापासून हलक्या हाताने सोडवून तुकड्यातुकड्यांनी बाहेर घ्यायची. स्पंजसारख्या हाडाची असेल तर तासाभरात होतं, हस्तिदंती असेल तर चार-पाच तास, आणि बाहेर बसलेले नातेवाईक समजतात काहीतरी बिघडलं. मी आधीच सांगून ठेवतो की चहा पिऊन या, वेळ लागणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाठीचा देठ कुठे आहे. सायनसच्या तळाला किंवा मागच्या भिंतीला खालच्या बाजूने असेल तर नाकातून पोहोचता येतं. पुढच्या भिंतीला असेल किंवा डोळ्याच्या वर अगदी बाहेरच्या टोकाला पसरली असेल तर नुसत्या दुर्बिणीने हात पोहोचत नाही. मग भुवईतून छोटी चीर, किंवा केसांच्या आत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चीर देऊन कपाळाचं हाड झाकणासारखं उघडायचं आणि काम झालं की परत बसवायचं. ऐकायला भयानक वाटतं, पण केसात व्रण लपतो आणि काही गाठींसाठी तेच सगळ्यात सुरक्षित असतं. (टक्कल असलेल्यांना मी भुवईचा पर्याय आधी दाखवतो.) एखादा सर्जन म्हणाला की हे दुर्बिणीने होणार नाही, बाहेरून करावं लागेल, तर तो जुनाट आहे असं समजू नका, त्याने देठ नीट बघितलाय असं समजा. आणि कधीकधी मेंदूच्या भिंतीला किंवा डोळ्याच्या नसेला चिकटलेला पातळ पापुद्रा आम्ही मुद्दाम ठेवतो. हा साधा ट्यूमर आहे, तो शेवटच्या कणापर्यंत काढायच्या हट्टात डोळा घालवण्यात शहाणपणा नाही.

धोके: मेंदूच्या पाण्याची गळती (तिथेच लगेच बुजवता येते, बहुतेकदा नाकातलंच अस्तर लावून), डोळ्याभोवती रक्त साचणं, काही दिवस दोन-दोन दिसणं, बाहेरून केलं तर कपाळाला बधिरपणा, आणि महिन्यांनी ती रुंद केलेली वाट पुन्हा आवळणं. शेवटचं सगळ्यात जास्त बघायला मिळतं आणि त्याबद्दल सगळ्यात कमी सांगितलं जातं. म्हणून ऑपरेशननंतर नाक धुणं आणि दर काही दिवसांनी दुर्बिणीने साफ करून घेणं हे ऑपरेशनइतकंच महत्त्वाचं. नाक धुवायचं पाणी उकळून गार केलेलंच, थेट नळाचं नाही. दोन-तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, जड उचलायचं नाही, आणि विमान कधी ते आपल्या सर्जनला विचारून.

गोळ्यांचं विचारलंत. ऑस्टिओमा हे तयार झालेलं हाड आहे, आपल्या मनगटात आहे तसंच. जी गोळी हे विरघळवेल ती मनगट पण विरघळवेल. कुठल्याही पॅथीच्या औषधाने ते कमी होत नाही, वाफेने नाही, नाकात तूप सोडून नाही, लेसरने नाही. ज्यांना "औषधाने गाठ थांबली" असा अनुभव आलाय त्यांची गाठ बहुधा तशीही थांबलेलीच होती.

पैशांचं एक. मेडिक्लेमच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये सायनसच्या आजारांना आणि साध्या गाठींना दोन वर्षांचा वेटिंग पिरियड असतो. पॉलिसी नवीन असेल तर तारीख तपासा. घाईचं कारण नसेल तर थांबायला हरकत नाही आणि घाईचं कारण असेल तर पॉलिसीसाठी थांबू नका. आणि ऑपरेशन ठरलंच तर सर्जनला सरळ विचारा की फ्रंटल सायनसमध्ये ड्रिलने काम किती वेळा केलंय, नेव्हिगेशन (हत्यार आत कुठे आहे ते सीटीवर दाखवणारं यंत्र) आहे का, आणि गळती झाली तर तुम्हीच बुजवाल का. विचारल्याचा राग आला तर तेही एक उत्तरच आहे.

तुमच्या बाबतीत मला जे वाटतं ते स्पष्ट लिहितो, रिपोर्ट बघितलेला नाही हे धरून. १३ मिलिमीटर, डोळा ठीक, दिसणं ठीक, पाणी गळत नाही, आणि डोकेदुखीचं वर्णन अर्धशिशीकडे झुकणारं. अशा माणसाला मी या महिन्यात ऑपरेशनची तारीख देणार नाही. पण "विसरून जा" असंही म्हणणार नाही, कारण विसरलं की दुसरा सीटी होत नाही आणि दुसरा सीटी नसेल तर वाढ कळत नाही. रिपोर्टमध्ये फ्रंटल रिसेस उघडी आहे की बंद, आणि उरलेला सायनस स्वच्छ आहे की भरलेला, या दोन गोष्टी शोधा. नसेल लिहिलेलं तर रेडिओलॉजिस्टना फोन करून विचारा, बहुतेक जण सांगतात. बाकी पडदा थोडा वाकडा, एक टर्बिनेट मोठा असं काही लिहिलं असेल तर सोडून द्या, ते निम्म्या गावाच्या रिपोर्टमध्ये असतं.

फिल्म नको, सीडी मागून घ्या आणि घरी आल्या आल्या तिची कॉपी पेनड्राइव्हवर करून ठेवा, कपाटातल्या सीडीवर दोन पावसाळ्यांत डाग पडतात आणि वर्षाने तुलना करायला काही उरत नाही. एक वही करा, डोकं दुखलं ती तारीख, त्या दिवशी जेवण कधी झालं होतं, झोप किती, गोळी कुठली घेतली. गोळ्या महिन्यात दहापेक्षा जास्त दिवस होत असतील तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं, तेही न्यूरोलॉजिस्टना सांगा. आणि परत लिहाल तेव्हा ती रिसेसची ओळ रिपोर्टमध्ये आहे तशीच उतरवून पाठवा, आणि उलटी झाल्यावर डोकं किती वेळात उतरतं ते पण एकदा त्यांना विचारून घ्या.